उशी पायाखाली गेली तर

परवा तुम्ही नर्सिंगच्या कम्युनिटी पोस्टिंगला, म्हणजे गावांत जाऊन काम शिकायला, गडचिरोलीकडे निघताय. बॅगेत काय भरायचं ते तुमच्या मॅडमनी सांगितलंच असेल. मी तुम्हाला तुमच्यासारख्याच एका मुलीबद्दल सांगते.

१९८८ साली न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला माओरी लोकांच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, आरोग्याबद्दल एक बैठक भरली होती. तिथे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची एक माओरी विद्यार्थिनी उठली. तिचं म्हणणं असं, की तुम्ही कायद्याची सुरक्षितता शिकवता, नीतीची शिकवता, हातातल्या कामाची शिकवता. मग संस्कृतीच्या सुरक्षिततेचं काय? इरिहापेती रॅम्सडेन या माओरी नर्सनं तो प्रश्न उचलून धरला, आणि १९९२ साली तिथल्या नर्सिंग कौन्सिलनं हा विषय शिक्षणात सक्तीचा केला. वर्तमानपत्रांतून ओरड झाली ती झालीच. रॅम्सडेनचा मुद्दा मात्र साधा होता: सेवा सुरक्षित होती की नाही, हे नर्सनं ठरवायचं नाही, जिला सेवा मिळाली तिनं ठरवायचं.

म्हणजे कसं? माओरी माणसासाठी डोकं पवित्र. डोक्याखालची उशी तुम्ही सहज उचलून पायाखाली सरकवलीत, तर तुमच्या लेखी ती पेशंटची सोय आणि त्याच्या लेखी अपमान. म्हणून डोक्याची उशी वेगळी आणि पायाची वेगळी, तीही ओळखू येईल अशा निराळ्या रंगाच्या अभ्र्याची. जेवणाच्या टेबलावर बेडपॅन तर नाहीच नाही. यात खर्च किती येतो, तुम्हीच सांगा.

त्यांच्या भाषेत ‘फेनुआ’ म्हणजे जमीन, आणि ‘फेनुआ’ म्हणजेच बाळंतपणात पडणारी वार. ती आपल्या जमिनीत पुरायची, ही त्यांची रीत. रुग्णालयं मात्र वर्षानुवर्षं तिची कचरा म्हणून विल्हेवाट लावत होती. आपण नाही का म्हणत, माझी नाळ इथे पुरली आहे? मग त्या बाईला काय वाटत असेल हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

त्यातून माओरी वैदूंवर बंदी घालणारा कायदा १९०७ पासून १९६२ पर्यंत होता. ज्यांची आजी या कायद्याखाली जगली, ते लोक दवाखान्याच्या दारात बिचकले तर दोष कुणाचा?

आता माझं ऐका. मी शिकत असताना एका दवाखान्यात तापानं फणफणलेलं पोर आलं. सलाईन लावायचं होतं. शीर शोधताना मनगटावरचा काळा दोरा मध्ये येत होता. मी कात्री घेतली आणि कापून ट्रेमध्ये टाकला. आई काहीच बोलली नाही. सकाळी खाट रिकामी. रजिस्टरमध्ये मीच लिहिलं, ‘ॲब्स्कॉन्डेड’. फरारी आरोपीसाठीचा शब्द! दुसऱ्या हाताची शीर बघता आली असती. गेलाबाजार, “आई, दोरा जरा वर सरकवू का?” एवढं तरी विचारता आलं असतं. पोराचं पुढे काय झालं, मला आजतागायत कळलेलं नाही.

तुम्ही जाताय त्याच जिल्ह्यात, शोधग्राम या आपल्या संस्थेच्या वसाहतीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना बांधण्याआधी गोंड लोकांना विचारलं, की तुम्हाला दवाखान्याची भीती का वाटते? मोठ्या इमारतीत हरवायला होतं, नातेवाइकांना बाहेर काढतात, ही उत्तरं अपेक्षितच होती. एक उत्तर मात्र आपल्यासाठी होतं: डॉक्टर आणि नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि आम्ही पांढऱ्या कपड्यात मढं गुंडाळतो. मग दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा झाला, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा, आणि त्याला नाव मिळालं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं.

तुमचे ॲप्रन कडक इस्त्रीचे आहेत, दिसताहेत मला. न्या, नियमच आहे तो. पण पहिल्या दिवशी एखादं पोर तुम्हाला बघून आईच्या पदराआड गेलं, तर त्याला भित्रं म्हणू नका. आधी ॲप्रन काढून खुंटीला टांगा, मग खाली बसा.