केडगावचे खिळे

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी केडगावला थांबते. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, म्हणजे निराधार बायका-मुलींचा आश्रम, या गावात आहे. 1905 च्या सुमारास बाईंनी इथं एक काम हाती घेतलं. सबंध बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणायचं. वय सत्तेचाळीसच्या आसपास. त्यासाठी त्या दोन्ही भाषांच्या अभ्यासाला बसल्या.

मराठीत बायबल नव्हतं असं नाही. मिशनरी विल्यम कॅरी यांच्या, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून बायबलचा दुसरा भाग, नवा करार, 1811 मध्येच आला होता. पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनी सगळा ग्रंथ छापला. मग हा खटाटोप कशाला?

बाईंची तक्रार भाषेबद्दल होती. दुष्काळातून आलेल्या बाईला संस्कृतानं जड झालेलं वाक्य कळणार कसं? शिवाय त्या शब्दांना जुन्या शास्त्रांतले अर्थ चिकटलेले. आणि हे म्हणत होतं कोण? लहानपणी भागवत मुखोद्गत केलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली विदुषी! संस्कृत शब्द जिभेवर आयता यायचा. तो गिळायचा आणि चुलीपाशी बोलला जाणारा शब्द शोधायचा. मला वाटतं, खरी वर्षं तिथं गेली.

फुरसत तर नव्हतीच. आश्रमात शेकडो बायका-मुली. त्यांचं धान्य, पाणी, आजारपणं. ठरलेलं उत्पन्न नाही. प्रभूपुढं गाऱ्हाणं घालायचं आणि उठून कामाला लागायचं, ही इथली रीत. भाषांतरालाही तीच. उतारवयात कानांनी साथ सोडली. बाई लिहीत राहिल्या.

छपाईही आश्रमातच. शिशाचा खिळा म्हणजे उलटं अक्षर. त्यात देवनागरी! काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, प्रत्येकाचा खण वेगळा. हे खिळे जुळवायला आश्रमातल्याच मुली. त्यांतल्या कितीजणी इथं येईपर्यंत पाटीला शिवलेल्याही नव्हत्या. प्रूफ बाईंकडे जायचं. त्यांनी एक शब्द बदलला की बांधलेली ओळ सोडायची, खिळे उचलायचे, पुन्हा बसवायचे. आणि बायबलात उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत पुस्तकं सहासष्ट.

24 जुलै 1921. बाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. चाळीस वर्षांची होती. आश्रमाचा भार तीच पेलणार, असं सगळे धरून चालले होते. त्या दिवसांत बाईंच्या मनात काय चाललं असेल, ते आपण बोलू नये. एवढं खरं, की काम थांबलं नाही. तब्येत ढासळत असतानाही भाषांतर त्यांनी पुरं केलं.

5 एप्रिल 1922. बाई झोपेतच गेल्या.

खिळ्यांचा खटखटाट मात्र चालू राहिला. सबंध ग्रंथ छापून झाला 1924 मध्ये.