रंगाचा डबा शेवटी उघडायचा

श्रोतेहो, नमस्कार.

एखादं लहानसं विमान संग्रहालय डोळ्यांसमोर आणा. मैदानात आठ-दहा विमानं उभी आहेत. टायर बसलेत, कॉकपिटची काच दुधाळ झालीय, पंखाखाली पारव्यांचा संसार थाटलाय. मग कधीतरी थोडे पैसे मंजूर होतात आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं, "चला, रंग मारून घेऊ." आज मला या वाक्याशीच भांडायचं आहे. उघड्यावरच्या विमानाचं जेवढं नुकसान पाऊस करतो, त्यात घाईघाईत मारलेला रंग आणखी भर घालतो.

विमानाचा पत्रा बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. ॲल्युमिनियम गंजत नाही, असं आपण घरच्या भांड्यांवरून धरून चालतो. शुद्ध ॲल्युमिनियम टिकतं खरं, पण ते मऊ. विमानाला लागणारी ताकद त्यात तांबं मिसळून आणली. जर्मनीतल्या आल्फ्रेड विल्म यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधलेला ड्युरॅल्युमिन तो हाच. ताकद आली, पण ओल सोसायची सवय गेली. त्यात पोलादाचा बोल्ट या पत्र्याला टेकलेला असला आणि मध्ये पाणी साचलं, की एक छोटी बॅटरीच तयार होते आणि तिच्यात ॲल्युमिनियम झिजत जातं. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या भोवती पांढरी भुकटी दिसायला लागते. रंगाखाली अळीच्या वाटेसारख्या नागमोडी रेघा उमटतात. जाड भागांत तर धातूचे पापुद्रे सुटतात, बोटानं उचकटता येतील असे. यावर नवा रंग मारला की विमान फोटोत छान दिसतं आणि आतली ओल आतच कोंडली जाते.

एका जुन्या प्रशिक्षण विमानाच्या शेपटीत मी एकदा टॉर्च घेऊन डोकं घातलं होतं. जी विमानं जमिनीवर शेपूट टेकून उभी राहतात, त्यांच्यात आत शिरलेलं पाणी उतारानं मागेच जातं. म्हणून पोटाच्या तळाला निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात, पेन्सिल जाईल एवढी. इथे ती दिसतच नव्हती. घरट्याच्या काड्या, पिसं, विष्ठा आणि धूळ मिळून चिखलाचा थर बसला होता. तारेचा तुकडा घेऊन खालून एक भोक मोकळं केलं, तर तपकिरी पाणी आधी थेंब थेंब आणि मग धार लागून कितीतरी वेळ वाहत राहिलं. वरून विमान चकचकीत होतं, दोनच वर्षांपूर्वी रंगवलेलं. रंगवताना खाली वाकून पाहायचं कुणाला सुचलं नव्हतं. माझ्यासकट. मीही तेव्हा शिडी धरून उभा होतो.

तेव्हा पहिलं काम पाण्याचं. भोकं मोकळी करा, इंजिनाच्या तोंडाला जाळी लावा. पक्षी बाहेर राहतील आणि वाराही खेळेल. प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. धुताना जोराचा फवारा मारू नका, पाणी पत्र्याच्या सांध्यांत घुसतं. टायरवरचा भार टेकू देऊन काढा. आणि पैसे असतील तर आधी छप्पर.

छपराची किंमत काय असते, ते मोठ्यांकडून शिकावं. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं 'एनोला गे' १९५३ ते १९६० या काळात वॉशिंग्टनजवळच्या एका हवाई तळावर उघड्यावर पडून होतं. पक्ष्यांनी घरटी केली, माणसांनी आठवण म्हणून भाग पळवले. पुढे १९८४ साली त्याची दुरुस्ती हाती घेतली, तेव्हा तिला कामाचे सुमारे तीन लाख तास लागले. तीन लाख! सात वर्षांच्या हयगयीनं हा आकडा किती फुगला असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

लाकडी विमान असेल तर छपराला पर्यायच नाही. दुसऱ्या महायुद्धातलं 'मॉस्किटो' हे बाल्सा लाकूड आणि प्लायवूड चिकटवून केलेलं. त्याचा पहिला नमुना २५ नोव्हेंबर १९४० रोजी उडाला, आणि तो आजही लंडनजवळच्या डी हॅविलंड संग्रहालयात, जिथे घडला त्याच आवारात पाहायला मिळतो. त्याचे भाग जोडणारा डिंक दुधातल्या प्रथिनापासून केलेला होता. या डिंकाला ओल आणि बुरशी लागली की सांधेच सुटणार.

एक धोक्याची गोष्ट. जुन्या कॉकपिटमधल्या डायलवरचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियम या किरणोत्सर्गी धातूचा रंग वापरत. ती चमक काही दशकांत विझते, कारण प्रकाश देणारा पदार्थ निकामी होतो. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, मात्र सुमारे १६०० वर्षांचं. म्हणजे चमकत नाही म्हणून डायल निरुपद्रवी समजायचा नाही, त्याची काच उघडायची नाही, घासायची तर मुळीच नाही. लढाऊ विमानाच्या इजेक्शन सीटमध्ये, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीत, स्फोटक काडतुसं असतात. ती जाणकारानं काढल्याची लेखी नोंद हातात येईपर्यंत कुणालाही आत बसवू नये, मग मूल कितीही रडो.

आता रंगाकडे येतो. जुना रंग हा कागदपत्रासारखा असतो. पॉलिश पेपरनं हळूहळू घासत गेलं की एकाखाली एक थर दिसतात: आधीचा क्रमांक, आधीच्या तुकडीचं चिन्ह. 'मेम्फिस बेल' हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी बॉम्बफेकी विमान कित्येक दशकं मेम्फिस शहरात होतं, बराच काळ उघड्यावर. २००५ मध्ये ते ओहायोतल्या अमेरिकी हवाई दलाच्या संग्रहालयात नेलं आणि मे २०१८ मध्ये लोकांपुढे आलं. काम करताना त्याच्या पत्र्यावर लोकांनी कोरलेली नावं सापडली. घाईनं सगळा रंग खरवडला असता, तर तीही गेली असती. म्हणून आधी फोटो, मग मोजमाप, मग नोंदवही. कुठला पत्रा मूळचा आणि कुठला आपण बदलला, हे त्या वहीत लिहिलेलं हवं. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानावरचं कापडसुद्धा आज मूळचं नाही, ते नंतर बदललेलं आहे. त्यात लाज काहीच नाही, नोंद असली म्हणजे झालं.

आणि अवघड बोलणं एक. दहा विमानं उघड्यावर कुजवण्यापेक्षा चार छपराखाली ठेवावीत, उरलेली दुसऱ्या संग्रहालयांना द्यावीत. हे सुचवलं की बैठकीत शांतता पसरते, मला माहीत आहे.

पाट्या, दिवे, कॉकपिटपाशी चढायला जिना, हे सगळं करावं, त्यात मी वेळ घालवत नाही.

त्या शेपटीवाल्या विमानाचं सांगायचं राहिलं. ते आता शेडमध्ये आहे. तळाची सगळी भोकं मोकळी केलीत आणि प्रत्येकापाशी खडूनं गोल काढलाय, पुढच्या माणसाला शोधावं लागू नये म्हणून. रंग जागोजागी उडालेलाच आहे. बघायला येणारे विचारतात, "याला रंग कधी देणार?" शेडमधले मेकॅनिक त्यांच्या हातात टॉर्च देतात आणि म्हणतात, "आधी वाकून बघा."

नमस्कार.