हॅमस्टर सारखा खाजवतोय? हळदीचा डबा आधी खाली ठेवा

[कॅमेरा पिंजऱ्यावर. मागचा पाय कानामागे भराभर चालतोय.]

बघितलंत? हा आमचा भडंग. सांगलीत राहून दुसरं नाव सुचलंच नाही. सिरियन हॅमस्टर, वय सव्वा वर्ष, काल रात्री किचनच्या काट्यावर भरला 120 ग्रॅम. आणि आत्ता चाललंय ती खाज नाही, अंघोळ आहे. झोपेतून उठला की पंजे चाटायचे, तोंडावरून फिरवायचे, कानामागे दोन-चार झटके, की निघाले साहेब चाकावर.

खाज वेगळी दिसते. खाता खाता दाणा टाकून खाजवतो. चाकावरून उतरून खाजवतो. एकाच जागी दातानं कुरतडत बसतो. हातातलं काम मोडून खाजवायला लागला, की मग समजायचं काहीतरी आहे.

पण काय आहे, हे कळायच्या आधीच आपण काहीतरी लावून मोकळे होतो. मीही लावलंय, सांगते.

भडंग चार महिन्यांचा असताना त्याच्या दोन्ही कुशींवर, मांडीच्या जरा वर, मला काळे डाग दिसले. डाळीएवढे, ओलसर, केस चिकटलेले. आणि तो तिथंच चाटत होता. आजी म्हणाली, "अगं, खरूज आहे ती. हळद लाव खोबरेल तेलात." सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आमच्या घरात हळदीवर शंका घेत नाहीत. लावली. दहा मिनिटांत त्यानं तेल, हळद सगळं चाटून टाकलं आणि पुढचे चार दिवस पिवळ्या ढुंगणानं घरभर हिंडला. डॉक्टरांकडे नेला. त्यांनी केसांवर उलटी फुंकर मारली, दुसऱ्या बाजूला मारली आणि हसले. म्हणाले, "दोन्हीकडं अगदी सारख्याच जागी आहेत ना? या वासाच्या ग्रंथी आहेत. नर वयात आला."

[फोटो : कुशीवरची ग्रंथी, केस बाजूला करून]

हे नीट बघून ठेवा. सिरियन जातीत या ग्रंथी दोन्ही कुशींवर असतात, नरात जास्त ठळक. छोट्या ड्वार्फ हॅमस्टरमध्ये एकच, पोटाच्या मध्यावर, बेंबीसारखी दिसते. हा आजार नाही. मात्र दोन्ही बाजू सारख्या नसतील, एकीकडे सूज, रक्त, खपली असेल, तर दाखवा.

आता खरी खाज. ती आमच्याकडे आली पावसाळ्यात. हनुवटी, पोट, पायांचे तळवे लाल, आणि सोबत शिंका. म्हणजे जे जे जमिनीला टेकतं, ते ते लाल. पाठ एकदम स्वच्छ. हीच खूण होती आणि मला ती आठवडाभर कळली नाही. मी पिंजऱ्यात घालायला लाकडाच्या वखारीतून भुसा आणला होता, फुकट. वास इतका छान की मीच हुंगत बसले. तो वासच नडला. देवदार, पाइन अशा लाकडांत जी सुवासिक तेलं असतात, ती या जिवांच्या कातडीला आणि श्वासाला झोंबतात. त्यात वखारीतला भुसा म्हणजे पाच-सहा लाकडांची मिसळ, वर बारीक धूळ.

भुसा काढला, बिनवासाचा साधा पांढरा कागद फाडून घातला. बाकी काही बदललं नाही. खाणं तेच, जागा तीच. सगळं एकदम बदललं असतं तर बरं कशानं वाटलं ते कसं कळणार? आठ-दहा दिवसांत तळवे परत गुलाबी झाले.

भुसा नसेल, तर मग किडे. माइट्स. इथं जागेला फार महत्त्व आहे. कान, नाक, पंजे यांवर खपल्या आणि वेड्यासारखी खाज, तर खरजेचा किडा. पाठीवर, ढुंगणाकडे केस विरळ, कोंडा भरपूर, पण खाज बेताची, तर डेमोडेक्स नावाचा दुसरा किडा. हा डेमोडेक्स धडधाकट हॅमस्टरच्या अंगावरही असतो, बिचारा गप्प राहतो. हॅमस्टर म्हातारा झाला, आतून आजारी पडला, की डोकं वर काढतो. त्यामुळं डेमोडेक्स सापडला म्हणजे शोध संपला असं नाही. तो आत्ताच का वाढला, हे डॉक्टरांना विचारा.

तिसरा प्रकार आमच्या गावभागातल्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांसाठी. माळ्यावर उंदीर असतील तर उंदरांवरचे माइट्स पिंजऱ्यात येतात. दिवसा फटीत लपतात, रात्री रक्त प्यायला बाहेर. रात्री पिंजऱ्याखाली पांढरं फडकं अंथरा, दोन तासांनी टॉर्च मारा. ठिपके चालताना दिसले तर सापडले. आणि तुमच्याच मनगटावर बारीक पुळ्या उठल्या असतील, तर तेही सांगा डॉक्टरांना. फडक्यावर काही दिसलं नाही म्हणून किडे नाहीतच, असं मात्र धरू नका. डेमोडेक्स केसांच्या मुळाशी असतो. त्यासाठी कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते.

गोल चट्टा, कडेला पापुद्रे, तर गजकर्ण. ते माणसाला लागतं. लहान मुलांच्या हातात देऊ नका, हात धुवा. जाळ्यांवर नाक घासून नाकावरचं टक्कल, ते कंटाळ्यानं. पिंजरा मोठा करा. आणि वय दीडच्या पुढं, दोन्ही बाजूंचे केस सारखेच गेलेत, खाज नाही पण पाणी खूप पितो, तर दुखणं हार्मोनचं असू शकतं. मलम लावून काही होणार नाही. म्हाताऱ्या हॅमस्टरला त्वचेचा कॅन्सरही होतो आणि तो सुरुवातीला साध्या खाजेसारखाच दिसतो. म्हणून दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर पुन्हा जायचं.

आता एक हिशेब. कमेंटमध्ये दर वेळी कोणीतरी लिहितं, "गोठ्यातलं आयव्हरमेक्टिन (किडे मारायचं औषध) आहे, एक थेंब देऊ का?" जनावरांचं 1 टक्क्याचं इंजेक्शन घ्या. त्याचं 1 मिली हे 50 किलो वजनाला असतं. एका मिलीत साधारण 20 थेंब. म्हणजे एक थेंब अडीच किलोच्या जिवाचा डोस. आणि भडंग किती? 120 ग्रॅम. वीसपट झालं! औषध तेच असेल, डॉक्टरही कदाचित तेच देतील, पण पातळ करून, वजन मोजून, आणि ठरावीक दिवसांनी परत, कारण अंडी पहिल्या डोसात मरत नाहीत. कुत्र्याची गोचीड पावडर तर अजिबात नको. आणि पाण्यानं अंघोळही नको. हा कोरड्या मुलखातला प्राणी. 1930 मध्ये सिरियातल्या अलेप्पोजवळ पकडलेल्या एका कुटुंबापासून आजचे बहुतेक पाळीव सिरियन हॅमस्टर आलेत. त्याला वाळूचं भांडं द्या, स्वतःच लोळेल.

डॉक्टरांकडे जाताना पिंजरा धुऊन चकाचक करून नेऊ नका, पुरावाच जातो. खालच्या कागदाची चिमूट पिशवीत घ्या, खाजवतानाचा व्हिडिओ घ्या, आठवड्याची वजनं लिहून न्या. आपल्याकडं बहुतेक दवाखान्यांत म्हशी आणि कुत्रीच जास्त येतात, त्यामुळं फोन करून आधी विचारा, "हॅमस्टर बघता का?" जवळ कोणी नसेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथंही विचारून बघा.

आणि खाजवून जखम झाली म्हणून घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलीन घालू नका. पेनिसिलिनच्या जातीची औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारतात, वाईट वाढतात, जुलाब लागतात आणि जनावर दगावतं. चिठ्ठीवर ते नाव दिसलं तर तिथंच विचारा, "डॉक्टर, हे हॅमस्टरला चालतं ना?" लाजू नका.

थांबा. बाहीत शिरलाय हा. अरे... भडंग्या, तिकडून नाही!