विममधलं उणे क्लिपबोर्ड

पडद्यावर: काळं टर्मिनल, एका ओळीवर थांबलेला कर्सर.

विम या टर्मिनलमध्ये चालणाऱ्या टेक्स्ट एडिटरमधली एक ओळ उचलून ब्राउझरमध्ये टाकायची आहे. दुहेरी अवतरण, अधिकचं चिन्ह, मग दोनदा वाय. फार तर एक बीप वाजते. एरर नाही, तक्रार नाही. ब्राउझरमध्ये पेस्ट केलं की मात्र सकाळी कॉपी केलेली भलतीच लिंक उमटते. ओळ उचलली गेली, पण ती विमच्या आतल्या रजिस्टरातच, म्हणजे त्याच्या स्वतःच्या साठवणीतच, राहिली.

यानंतर बहुतेक जण विमआरसी ही विमची सेटिंग फाइल उघडून त्यात क्लिपबोर्डच्या सेटिंगची ओळ लिहितात. तिनं काही होत नाही. विम कंपाइल झाला, म्हणजे सोर्स कोडपासून बांधला गेला, तेव्हा क्लिपबोर्डचा भाग आत घेतलाच नव्हता, मग सेटिंग लावणार कशाला?

पडद्यावर: विम --व्हर्जन. यादी खाली सरकते आणि थांबते.

ही ती यादी. प्रत्येक शब्दाआधी अधिक किंवा उणे. अधिक म्हणजे भाग आत आहे, उणे म्हणजे नाही. इथे दोन शब्द शोधायचे: क्लिपबोर्ड आणि एक्सटर्म अंडरस्कोअर क्लिपबोर्ड. दोन्ही उणे. त्याच्या वरची ओळही वाचा: 'ह्यूज व्हर्जन विदाउट जीयूआय', म्हणजे सगळ्यात मोठा संच, पण खिडकीवाल्या रूपाशिवाय. ह्यूज असूनही क्लिपबोर्ड नाही. म्हणजे नुसता मोठा संच मागून काम भागत नाही.

१९९१ मध्ये ब्राम मोलेनार यांनी अमिगा संगणकासाठी विम पहिल्यांदा लोकांसमोर आणला. पुढे तो लहानमोठ्या कितीतरी मशीनवर गेला आणि काय आत घ्यायचं, काय वगळायचं याचे संच ठरले: टायनी, स्मॉल, नॉर्मल, बिग, ह्यूज. आता व्यवहारात तीनच उरलेत, टायनी, नॉर्मल आणि ह्यूज. देवनागरीत लिहिणाऱ्यांनी एक नोंद घ्यावी: एकाहून जास्त बाइटची अक्षरं हाताळणारा भागही पूर्वी असाच पर्यायी होता. आता तो प्रत्येक बिल्डमध्ये असतोच, अगदी टायनीतही.

डेबियन किंवा उबुंटूवर असाल, तर कंपाइल करण्याआधी पॅकेजं बघा. विम-टायनीत स्क्रिप्टिंगचा इव्हॅल भागच नसतो, त्यामुळे विमआरसीतले इफ ते एंडइफ हे तुकडे तो न वाचताच ओलांडतो. साधं विम पॅकेज बरंच काही देतं, क्लिपबोर्ड देत नाही. विम-नॉक्स पायथनसारख्या भाषा देतं, तरीही क्लिपबोर्ड नाही. विम-जीटीके३ मध्ये तो आहे, आणि ते टर्मिनलमध्येही नेहमीसारखंच चालतं; खिडकीवाला विम उघडलाच पाहिजे असं नाही. कित्येकांचं काम इथेच संपतं. कंपाइल करायचं ते नवी आवृत्ती हवी असेल, जीटीके या खिडक्यांच्या लायब्ररीचं ओझं नको असेल, किंवा मशीनवर सुडोचा, म्हणजे ॲडमिनचा, अधिकार नसेल तेव्हा. हा शेवटचा प्रकार असेल तर पुढची डेव्ह पॅकेजं आधीपासून बसवलेली असायला हवीत, नाहीतर ॲडमिनला सांगून बसवून घ्या.

पडद्यावर: पॅकेजांची यादी, एकेक नाव उजळतं.

बिल्ड-इसेन्शियलमधून जीसीसी हा कंपायलर आणि मेक हे बांधणीचं साधन मिळतात. लिबएनकर्सेस-डेव्ह नसेल तर कॉन्फिगर, म्हणजे बांधणीआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट, पुढे जातच नाही. टर्मिनल लायब्ररी बसवा असं स्पष्ट सांगून थांबते. क्लिपबोर्डसाठी एक्स या लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या प्रणालीची पॅकेजं: लिबएक्स११-डेव्ह आणि लिबएक्सटी-डेव्ह. यातलं दुसरं हमखास विसरतं. नुसतं एक्स११ असून चालत नाही, कारण एक्सच्या चाचणीत एक्सटीचंही हेडर लागतं. पायथनसाठी पायथन३-डेव्ह. शेवटी डेव्ह असलेल्या पॅकेजमध्ये कंपायलरला लागणारी हेडर असतात. नुसती लायब्ररी असेल तर प्रोग्राम चालेल, बांधता येणार नाही.

गिटहबवरून सोर्स घेताना डेप्थ १ द्या, म्हणजे सगळा इतिहास उतरवावा लागत नाही. मग विमच्या फोल्डरमध्ये जाऊन कॉन्फिगर.

पडद्यावर: ./कॉन्फिगर --विथ-फीचर्स=ह्यूज --एनेबल-जीयूआय=नो --विथ-एक्स --एनेबल-पायथन३इंटरप=डायनॅमिक --एनेबल-फेल-इफ-मिसिंग --प्रीफिक्स=होम/.लोकल

जीयूआय नको, पण एक्स हवा. ही जोडी विचित्र वाटते, पण टर्मिनलमधला क्लिपबोर्ड इथे एक्सच्या वाटेनं येतो. प्रीफिक्स घरच्या फोल्डरचा दिला की सुडो लागत नाही आणि सिस्टमचा विम जागच्या जागी राहतो.

यातला सगळ्यात मोलाचा फ्लॅग फेल-इफ-मिसिंग. तो काढून हीच कमांड पायथन३-डेव्ह नसलेल्या मशीनवर चालवू.

पडद्यावर: आउटपुट भराभर वर सरकतं. एक फ्रेम गोठते.

थांबा. ही ओळ पाहा: पायथनच्या चाचणीचं उत्तर नकारार्थी. आणि स्क्रिप्ट पुढे निघून गेली. शेवटी सगळं सुरळीत झाल्यासारखं प्रॉम्प्ट परत येतं. मेकही बिनबोभाट होतो. पायथन नाही हे कळतं थेट प्लगिन रडायला लागल्यावर. फेल-इफ-मिसिंग असता, तर स्क्रिप्ट याच जागी एरर देऊन थांबली असती. विथ-एक्सही असाच स्पष्ट लिहावा. मग एक्स सापडला नाही तर स्क्रिप्ट गप्प बसत नाही.

फ्लॅगच्या नावात चूक झाली तर मात्र कोणी वाचवत नाही. पायथन३इंटरपऐवजी नुसतं पायथन३ लिहिलं, तर अनोळखी पर्याय म्हणून सुरुवातीला एक वॉर्निंग येते, शेकडो ओळींनंतर शेवटी तीच पुन्हा येते, पण स्क्रिप्ट थांबत नाही.

आता खरा छळ. हेडर नव्हतं, तुम्ही ते बसवलंत, कॉन्फिगर पुन्हा चालवलंत, तरी उत्तर तेच: नो. चाचण्यांची उत्तरं सोर्सच्या एसआरसी फोल्डरमधल्या ऑटो फोल्डरात, कॉन्फिग.कॅश या फाइलमध्ये जपून ठेवलेली असतात, आणि स्क्रिप्ट जुनंच उत्तर वाचून दाखवते. ती फाइल उडवा किंवा मेक डिस्टक्लीन करा, मग कॉन्फिगर. आउटपुटमध्ये उत्तराआधी कंसात 'कॅश्ड' दिसलं, तर संशय घ्यायला हरकत नाही.

कोंडा किंवा तत्सम पायथन एन्व्हायरन्मेंट चालू असेल तर कॉन्फिगरआधी बंद करा. पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधण्याच्या फोल्डरांच्या यादीत, आधी सापडेल तोच पायथन३ ही स्क्रिप्ट उचलते. नाहीतर विथ-पायथन३-कमांड हा फ्लॅग देऊन सिस्टमच्या पायथनचा पूर्ण पत्ता सांगा.

पडद्यावर: मेक -जे४. कंपायलरच्या ओळी.

बांधून झालं की लगेच इन्स्टॉल करू नका. एसआरसीमध्ये तयार झालेल्या विमलाच --व्हर्जन विचारा. तो नुसता उघडून पाहिलात आणि ई११८७ आला, तर बिल्ड फसलेलं नाही; विमला त्याच्या रनटाइम फाइल सापडलेल्या नाहीत. विमरनटाइम या व्हेरिएबलमध्ये सोर्समधल्या रनटाइम फोल्डरचा पत्ता द्या.

मग मेक इन्स्टॉल. त्यानंतरही जुनाच विम उघडला तर टाइप -ए विम चालवा. मशीनवर किती विम आहेत आणि पहिला कुठला, ते दिसेल. नवा पहिला नसेल, तर घरच्या .लोकलमधलं बिन फोल्डर पाथमध्ये पुढे आणा. तो पहिला असूनही जुना उघडत असेल, तर शेलनं आधीचा पत्ता लक्षात ठेवलाय. हॅश -आर म्हटलं की तो विसरतो.

पडद्यावर: अधिक क्लिपबोर्ड. अधिक एक्सटर्म क्लिपबोर्ड. अधिक पायथन३ तिरकी रेघ डीवायएन.

शेवटच्या शब्दातल्या डीवायएनकडे लक्ष द्या. पायथन आत जोडलेला नाही; गरज पडेल तेव्हा लायब्ररी उचलायची असं ठरलंय. उबुंटू २२.०४ वर बांधलेला विम ३.१० ची लायब्ररी शोधतो. सिस्टम २४.०४ ला गेली की तिथे ३.१२ असतो. यादीत अधिक तसंच दिसतं, पण पायथनची कमांड दिली की ई३७० आणि ई२६३ येतात. म्हणून विमच्या आत एको हॅज पायथन३ विचारावं. लायब्ररी खरोखर उचलता आली तरच १ येतो, नाहीतर ०.

क्लिपबोर्डचीही किंमत आहे. एसएसएचवरून दूरच्या मशीनवर काम करताना एक्स फॉरवर्डिंग चालू असेल, तर विम उघडायला रेंगाळतो, कारण सुरू होतानाच तो एक्स सर्व्हरशी बोलू बघतो. तिथे विमला कॅपिटल अक्षरातला -एक्स द्या. तो त्या वेळेपुरता एक्सच्या वाटेला जात नाही, आणि अर्थात क्लिपबोर्डही त्या वेळेपुरता मिळत नाही.

पडद्यावर: तीच ओळ. दुहेरी अवतरण, अधिक, वाय, वाय. ब्राउझर. पेस्ट.