शिकारीचा पंचनामा

(निवृत्त पोलिसांच्या वार्षिक मेळाव्यातलं भाषण, टिपणावरून लिहून काढलेलं)

मंडळी, पत्रिकेत माझा विषय 'पुरावा कायदा आणि शिकारकथा' असा छापलाय. वीस मिनिटं दिली होती, त्यातली सहा हार घालण्यात गेली. असो. उभा जन्म रायटर म्हणून दुसऱ्याचं म्हणणं लिहून घेतलं, आज माझं कुणीतरी ऐकतंय. सोडणार नाही.

आपली संघटना निवृत्तांची. नोकरीत असताना संघटना म्हटलं की पोलिसांच्या संघटनांवर बंधनं घालणारा 1966 चा कायदा आडवा यायचा. 1982 च्या ऑगस्टात मुंबईत पोलिसांच्या संपात काय झालं, लष्कर का बोलवावं लागलं, हे इथल्या पांढऱ्या केसांना सांगायला नको. म्हणून आपण आधी निवृत्त होतो आणि मग एकत्र येतो. एकत्र आलो की गप्पा दोनच: कुणाची रजा कशी कापली गेली आणि कुणी काय मारलं. माझ्या मते हा एकच विषय आहे. वर्षाकाठी ज्याला कशीबशी चार दिवस सुटी मिळते, तो त्या चार दिवसांत डुक्करच मारणार, गोगलगाय नाही. (किरकोळ रजा 12 च्या 20 झाल्या 2022 साली, आपण घरी बसल्यावर. ते जाऊ द्या.)

आमच्या ठाण्याला एक हवालदारमामा होते. नाव सांगत नाही, नातवंडं पुढच्या रांगेत असतील. मी 1981 ला भरती झालो. रात्रपाळीला चहाचं पातेलं स्टोव्हवर चढलं की मामांची गोष्ट सुरू. 1968 ची दिवाळी. चार दिवसांची रजा मंजूर, मामा गावी. गावात डुकरांनी भुईमूग उकरून टाकलेला. पाटलांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बाराबोअर बंदूक. रान उठवायला हाका घातला, डुक्कर निघालं, बार झाला, डुक्कर आडवं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मामा हाक्यात होते, डबा बडवत. डुक्कर दीड मणाचं. तीन-चार वर्षांनी मामा पाटलांच्या शेजारी माळ्यावर चढले आणि डुक्कर तीन मणांचं झालं. पुढे पाटलांना ऐन वेळी खोकला लागला. मामांच्या निवृत्तीच्या समारंभात तर बंदूक मामांच्याच खांद्याला, पाटील झाडावर, आणि डुक्कर म्हशीएवढं. साहेबही टाळ्या वाजवत होते.

मी रायटर. कान लागलेलाच असायचा. सगळं बदललं, पण एक आकडा वीस वर्षांत हलला नाही. काडतूस एक. का? अहो, आपली जात! थ्री-नॉट-थ्री असो की चारशेदहाची मस्केट, राउंड मोजून घेतला, उडाल्यावर रिकामी पुंगळी मोजून जमा केली. पुंगळी हरवली म्हणून रात्रभर कंदील घेऊन गवत चाळणारे इथे बसलेत. हसू नका, मीही चाळलंय. पोलीस डुकराचं वजन वाढवेल, काडतूस वाढवणार नाही. त्याचा हिशेब द्यावा लागतो!

आणि त्या गोष्टीवर हरकत कुणी, कशावर घेतली? म्हशीएवढ्या डुकरावर एकानेही नाही. प्रत्येक वेळी कोपऱ्यातून कुणीतरी ओरडायचंच, "मामा, थाप मारू नका, दिवाळीत चार दिवस रजा?" माझी स्वतःची बहिणीच्या लग्नाची रजा आदल्या संध्याकाळी बंदोबस्तासाठी रद्द झाली होती. अक्षता पडल्या त्या वेळी मी एका चौकात बांबू रोवत होतो. मलाही ती चार दिवसांची रजाच खरी वाटली नाही.

अध्यक्ष चिठ्ठी पाठवतायत. भाकऱ्या गार होतायत म्हणे. बरं, मुद्दा उरकतो.

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या साक्ष्य अधिनियमात 23. तसा तो चालत नाही, तर पोलिसाने पोलिसांपुढे सांगितलेली शिकार तरी का चालावी? पण जुन्या 27 मध्ये एक फट होती, आता ती 23 च्या परंतुकात आहे: सांगितल्यावरून वस्तू निघाली, तर तेवढा भाग ग्राह्य. शिकारकथेला हीच कसोटी लावा. काय निघालं ते बघा.

दुसरं, 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर रानातली गोष्ट सांगायची तर ती त्याच्या आधीची असावी लागते. आपल्या प्रत्येक गोष्टीत साल 1972 च्या अलीकडे कधीच येत नाही, लक्षात घ्या. तिसरं, आता झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालंय, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 105. या पोरांना निवृत्तीनंतर सांगायला काय उरणार, यावर बोलायचं होतं. राहिलं.

एवढंच सांगतो. मामा गेल्यावर भेटायला गेलो होतो. मामींनी चहा टाकला. साखर काढायला कोपऱ्यातला रॉकेलचा जुना डबा ओढला. एक बाजू पार चेपलेली, काठीचे पोचे एकावर एक. मी बघतोय म्हटल्यावर मामी म्हणाल्या, "ते डुकराच्या वेळचं आहे. किती सांगितलं टाकून द्या, ऐकलं नाही त्यांनी."

चला, वाढायला घ्या.