गवतातला काळा पतंग

मंडळी, सप्टेंबर सरत आला की ब्रिटनमध्ये राहणारे आपण हीटिंग कधी लावायचं यावर घरात वाद घालू लागतो. बागेतली किडामुंगी आता संपली, असंच बहुतेकांनी धरलेलं असतं. आज ज्याच्याविषयी बोलायचं आहे, त्याचा हंगाम तेव्हा भरात आलेला असतो. त्याचं इंग्रजी नाव ब्लॅक रस्टिक, शास्त्रीय नाव आपोरोफायला नायग्रा. वर्षाला पिढी एकच. पंख फुटलेला पतंग दिसायचा तो मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरात.

त्याच्या भाऊबंदांना तुम्ही ओळखता. गावाकडे हरभऱ्याचे घाटे पोखरणारी अळी, २०१८ साली भारतात शिरून मक्याची दैना करणारी लष्करी अळी, ही सगळी याच नॉक्टुइडी कुळातली मंडळी. खानदान बदनाम आहे, पण हा त्यातला गरीब. कुणाच्या पिकाच्या वाटेला जात नाही.

दिसतो कसा? पंख पसरले की साधारण चार ते साडेचार सेंटिमीटर. रंग काळाभोर, आणि ताजा असेल तर नुकतंच पॉलिश केलेल्या बुटासारखी चकाकी. लांबून पाहिलं तर नक्षी काहीच नाही. भिंग धरा, मग पुढच्या पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा एक डाग हळूहळू दिसायला लागतो. त्याची बाहेरची कड फिकट पांढरट असते, कुणी बारीक ब्रशने एकदाच ओढावी तशी. मी आधी तीच कड शोधतो. नर फडफडला की त्याचे मागचे पंख पांढरे दिसतात, मादीचे मळकट करडे. डीप-ब्राऊन डार्ट नावाचा याचा चुलतभाऊही याच दिवसांत उडतो, तो जरा तपकिरी आणि निस्तेज. झिजलेला नमुना हाती आला तर जाणकारही दोघांत गोंधळतात.

काळा पतंग म्हटलं की लोकांना शाळेत शिकलेली मँचेस्टरची गोष्ट आठवते. गिरण्यांच्या धुरामुळे पेपर्ड मॉथ नावाचे पतंग काळे होत गेले, ती. तो काळा प्रकार मँचेस्टरमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला १८४८ साली. आपल्या पतंगाचं ‘नायग्रा’ हे नाव हॉवर्थ या इंग्रज कीटकतज्ज्ञाने १८०९ मध्येच ठेवलं होतं. हा मुळातलाच काळा. धुराशी याचं देणंघेणं नाही.

आता खरा प्रश्न. उन्हाळ्यात फुलं मुबलक, रात्री उबदार. ते सोडून हा थंडीच्या तोंडावर का उडतो? माझ्या मते उत्तर पतंगाकडे पाहून मिळत नाही, अळीकडे पाहावं लागतं. ही अळी झाडाच्या कोवळ्या पालवीवर जगत नाही. तिला लागतं गवत, डॉक या तणाची रुंद पानं, क्लोव्हर, माळावर हेदरची झुडपं. अटलांटिकच्या हवेमुळे इथला हिवाळा ओला आणि बेताचाच थंड. ओक निष्पर्ण होतो तेव्हाही खालचं गवत हिरवंच असतं. शरदात अंडी घातली की अळीसमोर सहा-सात महिन्यांचं ताट वाढलेलं. बारकी अळी हिवाळा काढते, रात्रीची खाते, कात टाकत वाढते आणि मे महिन्याच्या सुमारास पुरी होते. मग जमिनीत शिरून कोष करते. उन्हाळाभर बाकीचे पतंग वर धुमाकूळ घालत असतात, तेव्हा हा मातीखाली असतो.

याचा मुलूख पाहिला की हे आणखी पटतं. ब्रिटनच्या दक्षिणेला फ्रान्स, स्पेन, थेट भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत हा पसरलेला आहे. तिकडे उन्हाळ्यात गवत करपून जातं आणि शरदातल्या पावसाने पुन्हा फुटतं. मला वाटतं, हे वेळापत्रक तिकडच्या हवामानात फार चपखल बसतं, आणि इथे तेच बिनतक्रार चालून जातं. आपल्याकडे भुईमुगावरची केसाळ अळी काय करते? कोरडे महिने कोषात, जमिनीखाली, आणि पहिल्या पावसाबरोबर पतंग बाहेर. ऋतू वेगळा, हिशेब तोच.

राहण्याच्या जागांबद्दल फार बोलत नाही, कारण हा चोखंदळ नाही. हेदरची माळरानं, चुनखडीच्या टेकड्यांवरची कुरणं, डोंगराळ पठारं, समुद्रकाठ, आणि हो, तुमच्या-माझ्या परसबागाही. मात्र लॉन दर रविवारी भादरू नका. कोपऱ्यात थोडं गवत वाढू द्या.

त्याला पाहायचं तर ऑक्टोबरच्या रात्री आयव्हीची फुललेली वेल गाठावी. जुन्या भिंतीवर, दफनभूमीच्या कुंपणावर ती असतेच. पिवळट-हिरव्या फुलांचे गोल गुच्छ, दिवसा त्यांवर गांधीलमाश्या आणि मधमाश्यांची झुंबड. या दिवसांत मध देणारं दुसरं फारसं काही उरलेलं नसतं. अंधार पडला की पाळी बदलते. टॉर्चला लाल कागद लावा, लाल उजेड पतंगांना फारसा जाणवत नाही. गुच्छावर पाय रोवून बसलेले पतंग सोंड आत घालून पीत असतात, आणि डोळे उजेडात निखाऱ्यासारखे चमकतात. फांदीला धक्का लावू नका, टपाटप खाली पडतात. एखादा उडण्याआधी जागच्या जागी पंख थरथरवताना दिसेल. थंडीत उडायचं तर छातीतले स्नायू आधी गरम करावे लागतात, त्याची ही तयारी.

दुसरा जुना उपाय म्हणजे काकवी, साखर आणि थोडी रम एकत्र उकळून झाडाच्या खोडाला फासायची. घरी वासावरून बोलणी खावी लागतात. तिसरा, दिव्याचा सापळा. पेटीत अंड्यांचे रिकामे ट्रे ठेवले की पतंग त्यांच्या खळग्यांत रात्रभर बसून राहतात. हर्टफर्डशरमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्राने देशभर असे सापळे लावून वर्षानुवर्षं मोजणी ठेवली आहे. त्यातून काय दिसलं? १९६८ ते २०१७ या काळात ब्रिटनमधल्या मोठ्या पतंगांची एकूण संख्या ३३ टक्क्यांनी घटली. दक्षिणेकडे घट जास्त, उत्तरेकडे कमी. हे कळलं ते रोज सकाळी पेटी उघडून पतंग मोजणाऱ्या लोकांमुळे, आणि त्यांतले बरेच जण हौशी होते.

मागच्या रांगेतून एका ताईंनी विचारलं, स्वेटरला भोकं पाडतो तो हाच का? नाही हो. लोकर खाते ती कपड्यांच्या कसरीची अळी, आणि तिचा पतंग जेमतेम सेंटिमीटरभर. याला तुमच्या कपाटात काडीचाही रस नाही. चुकून घरात शिरला तर पेल्याखाली धरा, कागद सरकवा आणि बाहेर नेऊन सोडा. फक्त भर उजेडात मोकळ्या अंगणात सोडू नका, रॉबिन पक्षी टपलेला असतो. कुंपणाच्या बुडाशी, दाट गवतात ठेवा. अंधार पडल्यावर आपला आपण जाईल.