बॉनेटखालची हवा

(इंदूर. सकाळ. राजवाड्यामागची गल्ली. फियाट पॅलिओचं बॉनेट उघडतं.)

गाडी काकांची, हौस माझी. पॅलिओ 1.6, सचिन जिची जाहिरात करायचा ती. 2001 साली आली तेव्हा छोट्या गाडीत 100 हॉर्सपॉवर म्हणजे चैनच होती. तिला बाहेरचा एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारा फिल्टर आणि पाइप, घालायचा तर कोणता, यात आमचा अख्खा उन्हाळा गेला.

6000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 6000 फेऱ्यांना, हे इंजिन मिनिटाला साधारण 4800 लिटर हवा ओढतं. त्यात इंदूर समुद्रसपाटीपासून 550 मीटर उंच, म्हणजे मुंबईपेक्षा हवा पाचेक टक्के विरळ. महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांच्या ड्यूसनबर्ग गाडीला सुपरचार्जर होता, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप. त्यांचं भागलं. आपण पोहे-जलेबी खाऊन गॅरेजात जाणारी माणसं.

आधी शंकूसारखा उघडा फिल्टर घेतला. कंपनीचा फिल्टरचा काळा डबा निघाला, त्याच्यासोबत आवाज दाबणारा रेझोनेटरही. ॲक्सिलरेटर दाबला की असा घोगरा हुंकार, की पंधरा दिवस मी गाणी लावली नाहीत. काका शेजारी बसून एवढंच म्हणाले, "आवाज वाढलाय रे. गाडी तीच आहे."

बरोबर होतं त्यांचं. मे महिन्यात जवाहर मार्गाच्या गर्दीत बाहेर 40 अंश, तर बॉनेटखाली 65 सहज. तेवढ्या फरकाने हवा सात टक्के विरळ होते. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, हात न लावता नुसत्या इनटेकने मिळणार दोन-चार हॉर्सपॉवर. ते सिग्नलवरच वितळून जातात.

दुसरा पर्याय लांब पाइपचा. फिल्टर खाली, बंपरच्या मागे. हवा गार मिळते, पण जुलैत रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं की तोच फिल्टर पाणी ओढतो. पाणी काही दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि त्याला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो.

(गॅरेजच्या भिंतीवर, खिळ्याला टांगलेला एक वाकडा रॉड.)

मेकॅनिकदादांनी हा मुद्दाम ठेवलाय. माझ्यासारख्या गिऱ्हाइकांसाठी.

मग त्यांनी फिल्टरकडून इंजिनाकडे जाणारा पाइप सोडवला आणि आत पांढरं फडकं फिरवलं.

(फडकं जवळून. एका कडेला करडा पट्टा.)

माळव्याची काळी माती. उन्हात तिचं पीठ होतं. क्लॅम्प जरासा तिरका बसला होता, तेवढ्या फटीतून ती आत गेली. ही धूळ सिलिंडर घासत राहते आणि गाडी हळूहळू तेल प्यायला लागते. त्या दिवसापासून फिल्टर घेताना मी 'हवा किती' हे विचारायचं सोडलं. तोंडाचं रबर किती घट्ट बसतं, ते आधी बघतो.

शेवटी माळ्यावरून जुना डबा काढला. तडकलेला रबरी पाइप बदलला. डब्यात धुऊन वापरायचा सपाट कॉटन फिल्टर घातला. त्याला तेल लावायचं ते बेतानं. जास्त झालं तर, ज्या गाड्यांत आत येणारी हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर असतो, तिथे ते सेन्सरवर जाऊन बसतं आणि गाडी अडखळते.

(डब्याच्या क्लिपा एकेक करून लागतात.)

रेझोनेटर मात्र मी परत बसवलेला नाही. काकांना अजून सांगायचंय.